रंगीत पानांचं झाड हिरवं पडतंय? खताला हात लावण्याआधी हे तपासा

"नर्सरीतून आणला तेव्हा क्रोटन लालभडक होता, आता नुसता हिरवा दिसतो. कोणतं खत घालू?" श्रावण आला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. पुण्यात आमच्या सोसायटीची बाग आणि शेजारपाजारच्या बाल्कन्या मी बरीच वर्षं सांभाळते आहे. या तक्रारीचं मूळ खतात क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा ते उजेडात असतं, आणि खत घातल्यावर झाड आणखी हिरवं होतं.

क्रोटन, अकॅलिफा, सोनेरी दुरांटा, रिओ, जांभळी सेटक्रेशिया, कॉर्डिलाईन, साँग ऑफ इंडिया, स्नेक प्लांट ही सगळी वर्षानुवर्षं टिकणारी झाडं. फुलांच्या हंगामाची वाट न बघता बारा महिने रंग देतात आणि रोजची निगाही मागत नाहीत. म्हणून ती बिघडली की आपण काहीतरी करायला धावतो. मी तपासणीचा क्रम ठरवून ठेवला आहे: आधी फुकटचं, मग थोड्या कष्टाचं, शेवटी कुंडी उपसण्याचं. क्रम मोडलात तर नेमका कशाने फरक पडला हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच सुरुवात होते.

लक्षणं

- जुनी पानं रंगीत, नवी मात्र हिरवी. सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. उजेड कमी पडतोय किंवा नत्र जास्त झालंय.
- बाकी झाड रंगीत, एकच फांदी पूर्ण हिरवी, आणि तीच सगळ्यात जोमाने वाढतेय.
- उन्हाच्या बाजूच्या पानांवर पांढुरके, कोरडे पट्टे.
- रंग आहे पण मळकट. पानभर बारीक फिके ठिपके, पाठीमागे जाळीसारखं काहीतरी.
- नवी पानं पिवळी, त्यांच्या शिरा हिरव्या.
- टोकं आणि कडा तपकिरी, करपलेल्या.
- खालची पानं गळून बुंधा उघडा पडत चाललाय.
- माती ओली आहे, तरी झाड मलूल. हे दिसलं तर क्रमाने जाऊ नका, थेट मुळांच्या तपासणीकडे जा. तिथे आठवड्याचा उशीरही महागात पडतो.

झाड कोणतं, महिना कोणता

यासाठी काहीच खर्च नाही, आणि काही वेळा गोष्ट इथेच संपते. क्रोटनच्या बऱ्याच जातींत कोवळं पान हिरवं-पिवळंच निघतं. लाल-केशरी छटा पान जून होताना चढते. शेंड्याची चार पानं हिरवी दिसली म्हणून घाबरू नका. ती कडक होऊ द्या आणि मग ठरवा.

कॅलेडियम हिवाळ्यात पानं टाकून कंदात झोपतो. तो मेलेला नसतो. पाणी जवळजवळ बंद करा आणि कुंडी कोरड्या जागी ठेवा. वळवाच्या सुमारास तो पुन्हा फुटतो. झोपेत असताना रोज झारी रिकामी केली तर मात्र कंद कुजतो. कोलियसला तुरे आले की पानं लहान आणि फिकी होत जातात. तुरा दिसताक्षणी खुडायचा. दोन-तीन वर्षांत कोलियस बुंध्याशी लाकडासारखा होतो, तेव्हा शेंड्याचे तुकडे लावून नवं झाड करणं हाच उपाय.

उजेड

इथे घाई करू नका. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक दुरुस्त्या इथेच होतात.

आधी कारण समजून घ्या. लाल-जांभळा रंग देणारं अँथोसायनिन पान स्वतः बनवतं, आणि भरपूर ऊन मिळालं की जास्त बनवतं. ते पानाला प्रखर उन्हापासून आडोसा देतं. सावलीत या आडोशाची गरज उरत नाही. तिथे मिळेल तेवढ्या उजेडात अन्न तयार करण्यासाठी पान हरितद्रव्य वाढवतं, म्हणून हिरवं दिसतं. झाड आजारी नसतं, ते जगण्याची सोय करत असतं. त्याला औषध नको, ऊन हवं.

तपासणी अशी. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान पानापासून वीतभर वर हात धरा. कडा स्पष्ट असलेली सावली पडली तर थेट ऊन आहे. पुसट सावली म्हणजे चांगला उजेड. सावलीच दिसली नाही तर ती जागा क्रोटनसाठी अंधारीच समजा, तुमच्या डोळ्यांना ती कितीही लख्ख वाटो. हेच सकाळी नऊला आणि दुपारी चारला करा.

आता श्रावणातच तक्रारी का येतात ते बघा. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन वेळांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. त्यामुळे ज्या दक्षिणेकडच्या बाल्कनीत डिसेंबरमध्ये ऊन आतल्या भिंतीपर्यंत येतं, तिथेच जून-जुलैत वरच्या मजल्याचा स्लॅब थेट ऊन जवळजवळ पूर्ण अडवतो. वरून पावसाळी ढग. पाऊस मिळाल्याने झाड याच महिन्यांत सगळ्यात वेगाने वाढतं, म्हणजे सगळ्यात जास्त नवी पानं सगळ्यात कमी उजेडात तयार होतात. मुंबई आणि नाशिकलाही हिशोब साधारण हाच, तारखा थोड्या मागेपुढे.

म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीवाल्यांनी मेअखेरीस कुंड्या कठड्याच्या टोकाशी किंवा गच्चीवर न्याव्यात आणि ऑक्टोबरमध्ये आत घ्याव्यात. उत्तरेच्या बाल्कनीत उलट: मे ते जुलै सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन येतं, हिवाळ्यात काहीच नाही. पूर्वेची बाल्कनी या झाडांना सगळ्यात सोयीची. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर शेडनेटचा आडोसा लागतो.

सगळ्यांना सारखं ऊन नको, हेही लक्षात ठेवा. क्रोटन, अकॅलिफा, सोनेरी दुरांटा आणि सेटक्रेशियाला चार-पाच तास थेट ऊन मिळालं तरच खरा रंग येतो. दुरांटाची पिवळी झाक तर सावलीत काही आठवड्यांत जाते. ॲग्लोनिमा आणि कॅलेडियमला थेट दुपारचं ऊन लागलं की पानं करपतात. त्यांना गाळीव उजेड हवा, पण अंधार नको. अंधारात लाल ॲग्लोनिमाही निस्तेज होतो. कोलियसला सकाळचं ऊन पुरतं, दुपारच्या कडक उन्हात त्याचा रंग विटतो.

सावलीतली कुंडी एकदम उन्हात ठेवू नका. सावलीत तयार झालेल्या पानात तो आडोसा नसतो, दोन दुपारींत ते भाजतं. पहिले काही दिवस सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण जागेवर. निकाल नव्या पानांवर बघायचा. हिरव्या पडलेल्या जुन्या पानावर पूर्वीचा रंग सहसा परतत नाही, म्हणून महिना-दीड महिना धीर धरा.

आणि समोर नवी इमारत उभी राहिली असेल, ऊन कायमचंच गेलं असेल, तर क्रोटनशी झगडू नका. तो ऊन असलेल्या माणसाला द्या आणि त्या जागी स्नेक प्लांट किंवा ॲग्लोनिमा लावा. झाडाला जागा शोभायला हवी, तेव्हाच निगा कमी लागते.

पानाची पाठ

उजेड ठीक असेल तर पान उलटून बघा. मळकट दिसणाऱ्या पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानाला टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी आहे. कोरड्या हवेत, म्हणजे थंडी ओसरल्यापासून पावसापर्यंत, तो क्रोटन आणि कॉर्डिलाईनवर हटकून येतो.

कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे. त्यामुळे घरात ठेवलेली नेहमीची कीटकनाशकं त्याला फारशी लागू पडत नाहीत. कोळ्याला खाणारे मित्रकीटक मात्र या औषधांनी मरतात आणि कोळी वाढतो. मी आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या पाठी धुते. तीन-चार दिवसांनी पुन्हा, आणि नंतरही एक-दोनदा. एका धुण्याने भागत नाही, कारण अंडी शिल्लक राहतात आणि उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढलेला कोळी साधारण आठवड्यात तयार होतो. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे थेंब, ऊन उतरल्यावर. पहिल्यांदा एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानाच्या बेचक्यात असतात. जुन्या टूथब्रशने काढून टाका, कुंड्या चार असतील तर फवारणीची गरजच पडत नाही.

पाणी आणि मातीचा गोळा

बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर आज पाणी नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, पण एक गोष्ट सुटते. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारी बरीच झाडं आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून येतात. तिथली हवा दमट, झाडं शेडनेटखाली वाढलेली, आणि पिशवीत चिकट मातीचा घट्ट गोळा. आपण तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत ठेवतो आणि भोवती भुसभुशीत माती भरतो. मग पाणी बाजूच्या मातीतून खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो. वरून माती ओली, झाड मात्र तहानलेलं. खुरप्याने बुंध्याजवळ तीन इंच खोल उकरून बघा. गोळा कोरडा निघाला तर कुंडी बादलीभर पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पुढच्या जूनमध्ये कुंडी बदलताना गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी करा.

नवं झाड घरी आल्यावर किंवा जागा बदलल्यावर क्रोटन खालची पानं टाकतो. थंडीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास गेला तरी टाकतो. या काळात जागा पुन्हा बदलू नका आणि पाणी वाढवू नका; पानं कमी झाली की झाडाची पाण्याची गरजही कमी होते. बुंध्याची साल नखाने जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, फुटेल. पावसाळ्यात कुंडीखालच्या थाळ्या काढून ठेवा.

एकच फांदी हिरवी

दोन रंगांच्या पानांची अनेक झाडं, म्हणजे पांढऱ्या-पिवळ्या कडांचा फायकस, शेफ्लेरा, दुरांटा, ही मुळात हिरव्या झाडावर अचानक उमटलेल्या बदलातून आलेली असतात. एखादी फांदी मूळ रूपाकडे परत जाते. तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने ती इतरांपेक्षा वेगाने वाढते आणि सोडून दिली तर सगळं झाड झाकून टाकते. ती जिथून फुटली त्या सांध्यापर्यंत कापा, शेंडा खुडून उपयोग नाही.

याच कारणाने पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं की येणारं रोप पूर्ण हिरवं येतं. ज्यांना कडा हव्यात त्यांनी कंद विभागून लावावा. अनेक जण नर्सरीने फसवलं असं समजतात. तसं काही नसतं.

कापताना हातमोजे घाला. क्रोटनचा चीक त्वचेला खाज आणतो आणि कपड्यावर पडलेला डाग जात नाही.

खत थांबवा

आता कुठे खताचा विषय. युरिया, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), दर पंधरवड्याला शेणाचं पाणी, यांतलं काहीही चालू असेल तर दोन महिने बंद करा. नत्र जास्त झालं की झाड भराभर मोठी, हिरवी, लुसलुशीत पानं काढतं. रंग मागे पडतो आणि अशी कोवळी वाढ पिठ्या ढेकणाला सगळ्यात प्रिय. या झाडांना जूनमध्ये आणि दसऱ्यानंतर मूठभर गांडूळखत, सोबत थोडी निंबोळी पेंड, एवढं पुरतं. केळीच्या सालींचं पाणी किंवा चहाचा चोथा घातल्याने रंग चढत नाही. त्या गोष्टी कंपोस्टात टाकाव्यात, तिथे त्यांचा खरा उपयोग होतो.

क्षार आणि चुना

कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो का? बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांकडे दिसतोच. उन्हाळाभर हे क्षार साचतात आणि पानांची टोकं करपतात. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून खालून वाहून जाऊ द्या. शक्य असेल तिथे पावसाचं पाणी साठवा. ड्रेसिना आणि कॉर्डिलाईन फ्लोराइडला फार नाजूक असतात. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांसारखं फ्लोराइडचं भूजल असेल तर त्यांना ते पाणी देऊ नका, आणि कुंडीत सुपर फॉस्फेटही टाकू नका, कारण त्यातही फ्लोराइड असतं.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते अडकून पडतं. सोसायटीच्या वाफ्यांत हे सतत दिसतं, कारण वरच्या फूटभर मातीखाली बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो आणि सिमेंटचा चुना झिरपत राहतो. खणून बघा. अशा मातीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं साधं खत) टाकलं तर तेही थोड्याच दिवसांत अडकतं. कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा, ते चुनखडीच्या मातीतही झाडाला मिळतं. प्रमाण पुडीवर असतं तेवढंच. राडारोडा फार असेल तर दीड फूट खणून माती बदलण्याला पर्याय नाही.

मुळं

हे शेवटी, कारण मूळ हलवलं की झाडाला धक्का बसतोच. कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा. मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि कडक असतील तर ठीक. काळपट, मऊ आणि कुबट वासाची असतील तर कुजली आहेत. कुजलेली सगळी कापा, पानंही तितक्याच प्रमाणात कमी करा आणि आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत कमी मुळं म्हणजे ओल उडून जातच नाही. तांबडी माती, गांडूळखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू असं मिश्रण मी वापरते. पुढचे पंधरा दिवस गाळीव उजेड.

बुंधा सडत असेल पण शेंडा चांगला असेल, तर पावसाळ्यात गुटी कलम करून जात वाचवता येते. फांदीची इंचभर रुंदीची साल गोलाकार काढून ओलं मॉस लावायचं आणि प्लास्टिकने घट्ट बांधायचं. मुळं दिसायला लागली की खालून कापायचं. जुने, आता सहसा न मिळणारे क्रोटन मी असेच राखले आहेत.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

चीक डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मुलाने ॲग्लोनिमा, कॅलेडियम किंवा डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंड धुऊन डॉक्टरांना गाठा, आणि झाडाचं पान सोबत न्या.

लाल कोळी निंबोळी तेलाने आटोक्यात येत नसेल तर दुकानदाराने सुचवलेलं शेतातलं जहाल कोळीनाशक बंद बाल्कनीत फवारू नका. ते काम माहीतगार माणसाचं.

सोसायटीच्या मोठ्या झाडाने ऊन अडवलं असेल तर स्वतः फांद्या तोडू नका. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज द्या आणि छाटणी प्रशिक्षित माणसाकडून करून घ्या.

गच्चीवर वाफा करायचा असेल किंवा कुंड्यांखाली छताला ओल दिसत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाहून जास्त भरतं.

आणि जमिनीतल्या वाफ्यात एकाच पट्ट्यातली झाडं एकामागून एक मरत असतील तर नवी लावणं थांबवा. गळकी ड्रेनेजची लाईन, मुळांची बुरशी, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी), वाळवी यांपैकी काहीही असू शकतं, आणि नुसत्या नजरेने ते ठरवता येत नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला करा, वाफ्यात चार-पाच ठिकाणी सहा इंच खोल खणून माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून पिशवीत भरा. आजारी झाडाची मुळं मातीसकट वेगळ्या पिशवीत न्या, ती मात्र वाळवू नका. सामू (पीएच), क्षारता आणि सूत्रकृमी अशा तिन्ही तपासण्या हव्यात हे आधीच सांगा, आणि पाणी कुठून येतं तेही लिहून द्या.